आधी मारामारी, मग पात्र: खेड्यात फँटसी रोल-प्लेइंग गेम बसवताना

फँटसी रोल-प्लेइंगच्या बहुतेक नियमपुस्तकांत पहिलं काम पात्र तयार करण्याचं असतं. वंश निवडा, पेशा निवडा, आकडे मांडा, शस्त्र घ्या, आणि मग दीड-दोन तासांनी पहिली लढाई. ज्यांनी असा खेळ कधी पाहिलाच नाही अशा पाच जणांना घेऊन विदर्भात दारव्ह्याकडच्या नाहीतर मूल-सावलीकडच्या एखाद्या गावात बसायचं असेल, तर हा क्रम उलटा करा. आधी एक छोटी लढाई खेळवा, नावगाव नसलेल्या कोऱ्या पात्रांची. कोण कसा लढतो ते पाहा. त्यानंतर त्याच्याकडून त्याचं पात्र बनवून घ्या.

याचं कारण साधं आहे. नव्या खेळाडूला "तुला कोण व्हायचंय?" असं विचारलं की तो जे सांगतो ते त्याने कुठल्यातरी सिनेमात पाहिलेलं असतं. "आपल्याले एकदम डेंजर पाहिजे बे," एवढंच उत्तर बहुतेकांकडून येतं. डेंजर म्हणजे काय, लांबून मारणारा की अंगावर जाणारा, मार खाऊन उभा राहणारा की मार चुकवणारा, हे त्याला स्वतःलाही हातात फासे येईपर्यंत कळलेलं नसतं. लढाईतली आवड आणि पात्राची आवड या दोन वेगळ्या गोष्टी धरल्या की पुढे तिसऱ्या-चौथ्या बैठकीत एकेक जण गळायला लागतो, कारण कागदावरचं पात्र त्याच्या हाताला बसत नाही.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी दोन ओळी. चार-पाच जण एकेक पात्र घेतात, एक जण बाकी सगळं जग चालवतो: गाव, जंगल, शत्रू, हवापाणी. खेळाडू आपलं पात्र काय करतं ते बोलून सांगतात आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासे टाकतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' 1974 साली छापून आला आणि हा प्रकार तिथून पसरला. या लेखात 'चालवणारा' म्हणजे जग सांभाळणारा, म्हणजे बहुधा तुम्हीच.

सामान आणि वेळ

या खेळाचा नेहमीचा वीस बाजूंचा फासा तालुक्याच्या दुकानात मिळत नाही, ऑनलाइन मागवावा लागतो. त्याच्यावाचून अडत नाही. लुडोचे दोन फासे घ्या, शाळेची एक वही, पेन्सिल, आणि वाटीभर चिंचोके. मला तर पहिल्या खेळासाठी दोन साधे फासेच जास्त पटतात. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, पाच टक्के. त्यामुळे कसलेला लढवय्याही वीसात एकदा सपशेल आपटतो. दोन साध्या फाशांची बेरीज मधल्या आकड्यांकडे झुकते. 7 पडण्याची शक्यता 36 मध्ये 6, तर 2 किंवा 12 पडण्याची प्रत्येकी फक्त 36 मध्ये 1. म्हणजे पात्र ज्यात चांगलं आहे त्यात ते चांगलंच वाटतं.

वेळ ठरवताना शेताकडे पाहा. जूनमध्ये पेरणीच्या घाईत कुणी येणार नाही. सोयाबीन काढणीच्या आठवड्यात तर नावच काढू नका, आणि रब्बीत ज्याच्या पंपाला रात्रीची लाइन असते तो ओलित सोडून बसणार नाही. पावसाळ्यात झड लागते ते दोन-चार दिवस आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळी उत्तम. बैठक दोन तासांची ठेवा, खेळाडू चार किंवा पाच. सहावा आला की प्रत्येकाची पाळी इतकी लांबते की मोबाइल बाहेर निघतो.

विचारायचंच असेल तर कबड्डीचं विचारा

आवडीनिवडी विचारायला लांबलचक प्रश्नावली नको. आपल्याकडे एक प्रश्न बराच पुढे नेतो: "कबड्डीत तू कुठे खेळतोस?" मैदानावर सात जण असतात आणि प्रत्येक जागेला आपला स्वभाव असतो. चढाई करणारा तीस सेकंद एकटा सगळ्यांच्या नजरेत असतो. कोपरेवाला वाट पाहतो, घोटा हाताशी आला की सोडत नाही. कव्हरवाला शेजाऱ्याच्या हालचालीवर आपली हालचाल बेततो. चढाई करणाऱ्यांतही बोनस रेषेला पाय लावून परतणारा वेगळा आणि मध्यात घुसणारा वेगळा. हा प्रश्न शाळेच्या संघात खेळलेल्या मुलींनाही तितकाच लागू पडतो.

उत्तर वहीत लिहून ठेवा, पण त्यावर शिक्का मारू नका. मैदानावर वर्षानुवर्षं कोपरा धरणाऱ्याला इथे एकदा तरी चढाई करायची असते. रिचर्ड बार्टल यांनी 1996 साली संगणकावरच्या मजकुरी बहुखेळाडू खेळांतल्या लोकांचे चार प्रकार मांडले होते: मिळवणारे, शोधणारे, माणसांत रमणारे आणि दुसऱ्यांवर कुरघोडी करणारे. त्यावर पुष्कळ लिहिलं-बोललं गेलं. टेबलावर मात्र तोच माणूस पहिल्या तासात शोधणारा आणि भूक लागली की कुरघोडी करणारा होतो. प्रकार पाठ करण्यापेक्षा समोर काय चाललंय ते पाहणं बरं.

कोरी लढाई

प्रत्येकाला बारा चिंचोके द्या. हा त्याचा दम. मार बसला की तेवढे चिंचोके त्याने तुमच्या वाटीत टाकायचे. आकडा वहीत खोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण कुणाची काय अवस्था आहे ते सगळ्यांना दिसतं आणि मदतीला धावणारा खेळाडू आपोआप ओळखू येतो.

वार करायचा तर दोन फासे. बेरीज 7 किंवा जास्त आली की लागला. लागला तर एक फासा टाकायचा, येईल तेवढा मार. बस. या टप्प्यावर कुणाला कसलीच खासियत नाही.

प्रसंग असा घ्या. बैलबंडी घेऊन पाच जण बाजारातून परतताहेत. नाल्याच्या उतारावर बंडी हळू होते आणि समोर चार लुटारू उभे. एका बाजूला पळसाची झुडपं, दुसऱ्या बाजूला दरड, नाल्यात गुडघाभर पाणी. बंडीत कापसाचे दोन गठ्ठे आणि मिठाचं एक पोतं. हे सामान मुद्दाम ठेवायचं. त्याचं काय करायचं हे सांगायचं नाही.

आता वही उघडून बसा आणि आकड्यांपेक्षा तोंडाकडे लक्ष द्या. फासे उचलण्याआधी "तठी झाड हाय काय? दरडीवर चढता येते काय?" विचारणारा जागा वापरून लढणारा आहे, त्याला सपाट मैदानावरची लढाई दिलीत तर तो कंटाळेल. वाक्य पूर्ण व्हायच्या आत फासे फेकणाऱ्याला वार हवा आहे, त्याच्या पाळीत नियम समजावत बसू नका. एखादी दुसऱ्याचे चिंचोके मोजत असते, कुणाला वाचवायचं ते पाहत. एखादा लुटाऱ्यांशी बोलायला लागतो, "थांब ना भाऊ, मीठ पाह्यजे का तुले?" त्याला लढाई टाळायची नसते, लढाईत बोलायचं असतं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण अशा खेळाडूला आपण चटकन 'शांत स्वभावाचा' म्हणून वैद्याचं पात्र देऊन मोकळे होतो आणि तो बिचारा पुढे नुसत्या पट्ट्या बांधत बसतो.

गप्प बसणाऱ्याकडे विशेष पाहा. कधीकधी त्याला बेरीज लवकर जमत नाही आणि चारचौघांत ते दिसू नये एवढीच त्याची धडपड असते. फासे सगळ्यांचेच तुम्ही मोठ्याने वाचा, प्रश्न मिटतो.

ही लढाई चार फेऱ्यांत संपावी. पाच खेळाडू, प्रत्येकी मिनिटभर आणि तुमची पाळी धरली की चार फेऱ्यांना अर्धा तास जातो. कशी संपवायची याचं गणित सोपं आहे. 7 किंवा जास्त पडण्याची शक्यता 36 मध्ये 21, म्हणजे साधारण 58 टक्के. एका फाशाची सरासरी साडेतीन. दोन्हींचा गुणाकार केला की एका पाळीत सरासरी दोन चिंचोक्यांचा मार होतो. पाच जणांचा मिळून फेरीला दहा. चार फेऱ्या हव्यात तर शत्रूंचा सगळा मिळून दम चाळीस ठेवा: चार लुटारू, प्रत्येकी दहा. लवकर आटोपायचं असेल तर तीस. खेळाडू कमीजास्त झाले की याच हिशेबाने बदला. नंतर शस्त्रं आणि आकडे आले की मार थोडा वाढतो, तेव्हा शत्रूंना पाच-सात चिंचोके वाढवून द्या.

एकटा राक्षस का पडेल निघतो

हे स्वतंत्र सांगतो, कारण प्रत्येक नव्या चालवणाऱ्याला शेवटी एक मोठा राक्षस उभा करायचा असतोच. चाळीस दमाचा एक राक्षस घ्या. तो फेरीत एकदा मारतो, समोरचे पाच जण पाचदा. वरच्याच हिशेबाने तो चार फेऱ्यांत आठ चिंचोके काढतो आणि मरतो. खेळाडू जिंकतात, पण तोंडावर काही दिसत नाही. त्याचा मार तिप्पट केलात तर दोन ठोशांत एक जण आडवा होतो आणि तोही रुसतो. वर्णन कितीही भयंकर करा, खरी गोम पाळ्यांच्या संख्येत आहे.

म्हणून राक्षसाला दर दोन खेळाडूंनंतर एक हालचाल द्या, आणि प्रत्येक हालचाल वार असू नये. एकदा तो झाड उपटतो, एकदा कुणाला उचलून पाण्यात फेकतो, एकदा पळवाट अडवतो. जागा वापरून लढणाऱ्याला बदलती जागा मिळते, वार करणाऱ्याला अंगावर घ्यायला कुणीतरी मिळतं, वाचवणारीला वाचवायला माणूस. एकाच शत्रूत तिघांची सोय होते.

लढाईची जागा रचायची तर आपल्याकडे नमुने पुष्कळ आहेत. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पाहून या. 15 डिसेंबर 1803 रोजी ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने तो घेतला, तेव्हा तोफांनी बाहेरच्या किल्ल्याची भिंत फोडून सैन्य आत शिरलं खरं, पण आत दुसरा किल्ला जसाच्या तसा उभा होता. त्या भिंतीला खिंडार नव्हतं. काही सैनिक शिडीने वर चढले आणि त्यांनी आतून दरवाजा उघडला. खेळासाठी हा आराखडा सोन्यासारखा आहे. पहिली भिंत वार करणाऱ्यांची, दुसरी भिंत डोकं लावणाऱ्यांची, आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात वरून मारा होत असताना कुणीतरी दम धरून उभं राहायचं. पाठलाग हवा असेल तर चंद्रपूरचा परकोट घ्या: जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा, पठाणपुरा असे चार दरवाजे, आणि शत्रू कोणत्या दरवाजाने निसटेल ते खेळाडूंनी ताडायचं.

आता पात्र

कोरी लढाई झाली, चहा झाला, आता वहीचं अर्धं पान प्रत्येकाला द्या. अर्धंच. पूर्ण पान दिलं की लोक आजोबांपासूनचा इतिहास लिहायला बसतात आणि तो पुढे कुणी वाचत नाही.

चार गुण पुरतात: ताकद, चपळाई, अक्कल, छाप. या चार गुणांना +2, +1, 0 आणि −1 असे आकडे हवे तसे वाटायचे. वाराच्या फाशात त्या-त्या गुणाचा आकडा मिळवायचा. +2 असलेल्याला फाशांवर फक्त 5 लागतात आणि तो 83 टक्के वेळा यशस्वी होतो. −1 वाल्याला 8 लागतात, त्याचं प्रमाण 42 टक्के. एवढा फरक पात्र ओळखू यायला पुरेसा आहे. +3 कुणाला देऊ नका. तिथे यश 92 टक्क्यांवर जातं आणि फासे टाकण्यात राम उरत नाही.

आकडे फाशांवर सोडावेत की वाटून द्यावेत हा जुना वाद आहे. 1974 च्या मूळ खेळात तीन फासे टाकून सहा गुण ओळीने भरायचे, जे पडेल ते आपलं. त्याला स्वतःची मजा आहे; पडलेल्या आकड्यांतून माणूस घडवावा लागतो. पण गावात खेळाडू एकमेकांचे चुलतभाऊ, शेजारी, वर्गमित्र असतात. एकाला तगडा गडी मिळाला आणि दुसऱ्याला मरतुकडा, तर ते भांडण खेळाबाहेर जातं. निदान पहिल्या वर्षी समान आकडे द्या.

शस्त्र निवडताना वहीतली टिपणं काढा. सगळ्या शस्त्रांचा मार एक फासाच ठेवा, फरक करा तो ते काय करू देतं यात. काठीचा वार लागला की शत्रू एक पाऊल मागे ढकलला जातो. दरड आणि नाला शोधणाऱ्याला हीच हवी असते. भाल्याने साथीदाराच्या मागे उभं राहून मारता येतं. गोफण लांबून, पण अंगावर आलेल्या शत्रूवर चालत नाही. कुऱ्हाडीला दोन फासे टाकून मोठा धरायचा, सरासरी साडेतीनवरून साधारण साडेचारवर जाते, बदल्यात पुढच्या फेरीत तिच्या मालकावर येणाऱ्या वाराला +1. धडक मारणारा हे बिनतक्रार घेतो. ढालवाल्याने शेजाऱ्यावरचा वार फेरीत एकदा स्वतःवर घ्यायचा. चिंचोके मोजणारीला ही ढाल देऊन पाहा. मी तरी औषधाच्या पिशवीपेक्षा तीच आधी पुढे करीन. बाईमाणूस खेळायला आली की तिला वैदू करायचं, ही खोड सोडा. गावातल्या पहिल्या खेळांत सर्वांत निर्दय कुऱ्हाड कुण्या पोरीच्या हातात दिसली तर मला नवल वाटणार नाही.

बोलणाऱ्यासाठी एक नियम हवाच. पाळी आली की वाराऐवजी छापेवर फासे टाकता येतील. 7 ते 9 आले तर शत्रूंपैकी एक जण या फेरीत कचरतो, 10 किंवा जास्त आले तर तो पळतो किंवा बाजू बदलतो. हा नियम नसेल तर बोलणारा खेळाडू लढाईभर बघ्या राहतो आणि तुम्हाला वाटतं त्याला लढाया आवडत नाहीत.

रूप, पोशाख आणि एंट्री

काही जणांना मारामारीपेक्षा पात्र दिसतं कसं यातच जास्त रस असतो. याला पोरखेळ म्हणू नका. पूर्व विदर्भात जो झाडीपट्टीची नाटकं रात्ररात्र पाहत वाढला, त्याला एंट्रीचं महत्त्व शिकवावं लागत नाही. देसाईगंज-वडशाला नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत, भातकापणी झाली की बुकिंगची धांदल उडते. त्या भागातले खेळाडू पात्राच्या आवाजापासून सुरुवात करतात. पश्चिमेकडे वऱ्हाडात दंडार हे लोकनाट्य पाहिलेले तसेच. त्यांच्यासाठी असं करा: लढाईच्या पहिल्या फेरीत ज्याने आपल्या पात्राची एंट्री दोन वाक्यांत दणक्यात केली, त्याच्या पहिल्या फाशाला +1. लाजणाऱ्यावर सक्ती नाही.

वर्णनासाठी तीनच गोष्टी मागा: लांबून ओळखू येईल अशी एक खूण, अंगावरचं एक वस्त्र, आणि हातांवरून कळणारं काम. चिखलाने फुटलेल्या टाचा, कमरेला विळा, डोक्याला लाल दुपट्टा, एवढ्यात माणूस उभा राहतो. चित्र काढणारा एखादा असतोच, त्याला सगळ्यांची पात्रं काढायला लावा.

चिलखताबद्दल मात्र थोडं थांबतो. परदेशी चित्रांतला आपादमस्तक लोखंडी पत्र्यातला सरदार सगळ्यांना हवा असतो. मे महिन्यात चंद्रपुरात पारा 45 च्या वर जातो; त्या पत्र्यात माणूस लढण्याआधी शिजेल. कापसाचे थर भरून शिवलेले जाड अंगरखे हे भारतात खरोखर वापरलं गेलेलं चिलखत आहे आणि कापसाच्या मुलखात ते शोभतंही. नियम: जाड अंगरखा घातला की प्रत्येक मारातून एक चिंचोका वाचतो, पण पळताना आणि पाण्यात चपळाईतून एक वजा. उलट टोकाला बायकांच्या पात्रांना लढाईत जेमतेम कपडे घालणारी चित्रं मोबाइलवर दिसतात. कुणी तसं सुचवलं तर "मग तुझ्या गड्यालेही तेच घाल" एवढं म्हणून पुढे जा.

कुणाला कसं रंगवायचं नाही

इथे घाई करू नका. परदेशी फँटसीत जंगलात राहणारे 'रानटी' लोक नेहमीचे. आपल्याकडे जंगलात आणि जंगलाच्या कडेला गोंड, माडिया, कोलाम, कोरकू ही खरी माणसं राहतात, तुमच्या टेबलावरही असतील. चंद्रपूर-देवगडला गोंड राजांची राज्यं होती. नागपूर शहर वसवणारा बख्त बुलंद शाह देवगडच्या गोंड घराण्यातला. रानटी टोळी किंवा गूढ जादूगार जमात म्हणून कुणालाही उभं करू नका. जन्मानेच दुष्ट असलेले वंश ठेवूच नका, शत्रूला शत्रू व्हायला कारण द्या. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'नेही 2024 च्या नव्या पुस्तकात वंशासाठीचा जुना शब्द काढून टाकला.

पात्रांना आडनाव नको. आडनाव आलं की जात आली आणि मग फाशांपेक्षा वेगळ्याच गोष्टी बोलल्या जातात. नाव आणि गाव पुरे: 'पैनगंगेकाठची रखमा'.

जादूचं सर्वांत जपून. आपल्या भागात करणी-भानामतीच्या संशयावरून खऱ्या माणसांना मारहाण झालेली आहे, जीवही गेले आहेत. जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून आहे तो उगाच नाही. ओसरीवर बसून कुणी ओरडला, "मी त्या म्हातारीवर मूठ मारली!" आणि वाटेने जाणाऱ्याने ऐकलं, तर खुलासा करत बसावं लागेल. म्हणून लिंबू, बाहुली, अंगात येणं, चेटकीण काहीच नको. जिवंत देवदेवताही लढाईत आणू नका. जादू वस्तूंत ठेवा: आकाशातून पडलेल्या दगडाचा तुकडा, खाऱ्या तळ्याचं पाणी. लोणारचं उल्केने झालेलं विवर जवळच आहे आणि 2020 च्या जूनमध्ये त्याचं पाणी खरंच गुलाबी झालं होतं, क्षारांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे. याहून जास्त फँटसी कशाला हवी? जादूची किंमत चिंचोक्यांत घ्या: दगड वापरला की तीन चिंचोके द्यायचे आणि फासे न टाकता परिणाम मिळवायचा. फाशांवर विश्वास नसलेला, हिशेबी खेळाडू याच्याकडे ओढला जातो.

लोककथेतला चकवा मात्र बेधडक वापरा. माणसाला रानात गोल फिरवत ठेवणारा, न मारता थकवणारा शत्रू. त्याच्यावर वार चालत नाही, वाट ओळखावी लागते. वार करणारा वैतागेल, म्हणून चकव्याच्या जोडीला दोन रानडुकरं ठेवा.

वाघ आणि अस्वल आणण्यापूर्वी एकदा विचारून घ्या. ब्रह्मपुरीच्या बाजूला तेंदू-मोह वेचायला गेलेलं माणूस परत न आल्याची घरं आहेत. कुणी नको म्हटलं तर कारण विचारू नका, दुसरा शत्रू आणा.

मरण कुणाला हवं, कुणाला नको

आवडीनिवडींतला सर्वांत मोठा फरक इथे दिसतो. फोनवरच्या गोळीबारात मेलं की पुढचा डाव लगेच सुरू होतो, त्यामुळे काहींना मरणाचं काहीच वाटत नाही. दुसऱ्याने मात्र पात्राचं चित्र काढून घरी भिंतीला लावलेलं असतं. दोघांना एकाच नियमात बसवायचं तर निर्णय त्यांच्या हातात द्या. चिंचोके संपले की खेळाडूने निवडायचं: आडवं पडून लढाईतून बाहेर व्हायचं आणि पुढे कायमचा एक व्रण घेऊन जगायचं, किंवा शेवटचा एक वार, आपोआप लागणारा, दोन फाशांचा, आणि मग पात्र संपलं. दुसरा पर्याय घेणारा उठून उभा राहून तो वार सांगतो, बाकीचे ऐकतात. निवड एकदा केली की बदल नाही.

मोठ्या नियमांकडे कधी जायचं

चार-सहा बैठका झाल्या, खेळाडू स्वतःहून जास्त पर्याय मागू लागले, की वीस बाजूंचा फासा मागवा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीच्या मूलभूत नियमांचा दस्तऐवज जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली मोकळा झाला आहे. श्रेय देऊन तो वापरता येतो, मराठीत उतरवून वाटताही येतो. इंग्रजीत शेकडो पानं आहेत, म्हणून सगळं आणू नका. टेबलावर ज्याची अडचण झाली तेवढंच उचला. 'फायदा' हा एक नियम जरूर घ्या: परिस्थिती अनुकूल असेल तर वीसचे दोन फासे टाकून मोठा धरायचा. 11 किंवा जास्त हवे असतील तर शक्यता 50 वरून 75 टक्क्यांवर जाते, आणि आकडेमोड शून्य. जागा वापरणाऱ्यांना याचं वेड लागतं. ज्या टोळीला वार आणि एंट्रीतच मजा येते तिला मात्र दोन फाशांवरच राहू द्या, मोठ्या पुस्तकाने त्यांचा खेळ फक्त मंदावेल.

दुसऱ्या बैठकीनंतर पान फाडा

पात्र पक्कं करण्याची घाई नको. दुसरी बैठक संपली की प्रत्येकाला एकच विचारा: "आज केलेलं काय पुढच्या वेळी पुन्हा करशील?" आवडलं का विचारलं तर सगळे "मस्त" म्हणतात, त्यातून काही हाती लागत नाही. पुन्हा काय करशील याचं उत्तर नेमकं येतं: "त्याले दरडीवरून ढकललो ना, ते." ते ऐकून गुणांचे आकडे आणि शस्त्र बदलायची मोकळीक द्या. नाव, खूण आणि व्रण तेच, बाकी सगळं बदललं तरी चालेल. तिसऱ्या बैठकीपासून मात्र पान शाईने लिहायचं.

कापूस वेचणीला कुणी अडकला तर त्याचं पात्र बाकीच्यांनी चालवू नये. परत आला तेव्हा पात्र मेलेलं निघालं की वाद होतो. पात्र गावात थांबलं असं धरा आणि आल्यावर त्याने तिथे काय ऐकलं ते एका वाक्यात त्यालाच सांगायला लावा. ती बातमी खरी धरायची. पुढच्या बैठकीचा शत्रू बहुतेक वेळा त्यातूनच मिळतो.